डावं सिलिंडर

शरणप्पा हलगरे सरांनी एकोणीस वर्षांत फळ्यावर इंजिनाची आकृती किती वेळा काढली, याची नोंद शाळेच्या दप्तरात नाही. पण ती आकृती बघण्यासारखी असे. सिलिंडर, आतला दट्ट्या, वर दोन झडपा, मधोमध ठिणगीचा प्लग आणि प्लगच्या टोकाला पिवळ्या खडूची चांदणी. शोषण, दाब, स्फोट, उत्सर्जन हे चारी टप्पे सर डोळे मिटून सांगत आणि 'स्फोट' म्हणताना टेबलावर छडी आपटत. त्या आवाजानं मागच्या बाकांवरची झोपलेली मंडळी जागी होत आणि उत्सर्जनापर्यंत पुन्हा झोपत.

प्रत्यक्षात सरांनी जन्मात एकदाही इंजिन उघडलेलं नव्हतं. घरातल्या स्टोव्हला पिनसुद्धा महादेवीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मारत. खडू धरणाऱ्या हातानं तेलात बुडू नये, असं सरांचं तत्त्व होतं, आणि तत्त्व असलं की माणसाला बरीच कामं टाळता येतात.

अशा माणसाच्या अंगणात डबल सिलिंडरची बिलायती मोटरसायकल उभी होती, हा नियतीचा चावटपणाच म्हणायचा.

गाडी अप्पांची, म्हणजे सरांच्या वडिलांची. शंकरप्पा हलगरे हे डाळमिलचे खरेदीदार. कुठल्या गावात तूर कशी पिकली हे बघत ते निलंगा, उदगीर, देवणी असा सगळा मुलूख पालथा घालत. निजामाचं राज्य गेल्यावर हैदराबादला एका लिलावात त्यांनी ही गाडी घेतली. टाकीवरचं कंपनीचं नाव तेव्हाच गळून पडलेलं होतं. त्यामुळे गाडी नेमकी कुठल्या कंपनीची यावर लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, तीन पक्ष होते, आणि तिन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी तसली दुसरी गाडी कधी पाहिलेली नव्हती. आवाज मात्र वादातीत. अप्पा औशाच्या नाक्यावर आले की इकडे चुलीवर चहाचं आधण चढे.

अप्पा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हा गाडीवर ताडपत्री पडली ती वर्षभर. वर्ष उलटल्यावर एका सकाळी सरांच्या आई, पार्वतम्मा, ताडपत्रीवर हात ठेवून म्हणाल्या, "शरणू, मला एकडाव ह्या गाडीवर देवणीला ने बाबा."

"देवणीला एसटी जाते की अव्वा. थेट."

"एसटी जाती, ठाऊक हाय मला. तुझ्या अप्पांच्या मागं बसून मी तीस वर्सं माहेरी गेले. एसटीतून उतरलं की मला परक्यावानी वाटतंय. गुडघं आता लई दिवस टिकायचे न्हाईत. पाय टाकता येतोय तवर ने."

अव्वांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं सरांना आठवत नव्हतं. त्यांनी लगेच हो म्हटलं. होकार द्यायला काही लागत नाही. पुढच्या सगळ्याला कागद लागतात.

कारण त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून निघून नवा संसार थाटायचा म्हणजे वाटण्या आल्या. टेबलं वाटली, कपाटं वाटली, कारकून वाटले. पाऊस तेवढा दोघांपैकी कुणाच्याच वाट्याला आला नाही. गल्लीत चार दिवसांनी टँकर येई, आणि ज्यांच्या अंगणात पूर्वी तुळस असे त्यांच्या अंगणात आता पत्र्याचे ड्रम रांगेत उभे असत. हलगऱ्यांकडे सहा होते. ड्रमांना जागा करून देताना मोटरसायकलची उजवी बाजू भिंतीला टेकली आणि डावी तेवढी जगाकडे तोंड करून राहिली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. सरांनी ठेवलं नाही, म्हणून त्यांना पुढचं सगळं सोसावं लागलं.

गाड्यांच्या कचेरीत सर अप्पांचं गाडीच्या नोंदणीचं पुस्तक घेऊन गेले. कारकुनानं ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"सर, हे उर्दूत आहे."

"निजामाच्या काळातलं आहे."

"जिल्हा जुना. मालक मयत. पुस्तक उर्दूत. सर, ह्यातलं काही चालू आहे का?"

"गाडी चालू आहे," सर ताठ मानेनं म्हणाले.

"मग ती दाखवा."

उर्दूचं भाषांतर झालं, वारसाचा दाखला झाला, शपथपत्र झालं. राहिली तपासणी. नव्या जिल्ह्याला अजून स्वतःचा इन्स्पेक्टर मिळालेला नव्हता. जुन्या जिल्ह्यातले साहेब आठवड्यातून एकदा, दर सोमवारी, सकाळच्या एसटीनं येत आणि मैदानात लिंबाखाली टेबल टाकून बसत. जुन्या गाडीला तीनच वेळा संधी. तिसऱ्या खेपेलाही नापास झाली तर पुस्तक रद्द, नंबर रद्द, आणि मग ती गाडी नव्हे, लोखंड. हे सांगताना कारकुनानं अशा प्रेमळ नजरेनं बघितलं की सरांना पहिल्यांदा भीती वाटली.

गाडी चालू करण्यासाठी सरांनी रेवणसिद्धला बोलावलं. औसा रोडला त्याचं गॅरेज होतं. रेवणसिद्ध सरांचा विद्यार्थी, विज्ञानात तीनदा नापास झालेला. त्याच्या वहीवर सरांनी लाल शाईनं 'तुझ्या हातून काही होणे नाही' असा शेरा मारला होता. आता लातुरातली निम्मी वाहनं त्याच्या हातून चालत होती. हा विषय दोघंही काढत नसत.

रेवणसिद्धनं सीटखालचा डबा उघडला. आत बोल्ट फिरवायचे तीन पाने, एक फुटका आरसा आणि नीट घडी घातलेलं धोतराचं फडकं निघालं. फडकं धुतलेलं होतं, पण त्याच्यावर पांढरट डाग होते.

"अप्पांना चुना जास्त लागायचा," सर म्हणाले आणि फडकं त्याच्याकडे टाकलं. "घे, हात पुसायला होईल."

दोन दिवसांत गाडी सुरू झाली. शनिवारी सरांनी ती गोलाईला वळसा घालून आणली. दोन्ही सिलिंडर एका सुरात. रविवारी गल्लीत दोन चकरा मारल्या. शेजारचे हणमंतराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, ओट्यावरून ओरडले, "डबल बेल, मास्तर! जाऊ द्या!"

पहिला सोमवार उजाडला. सर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले तेव्हा अव्वा अंगणातून हात पुसत आत येत होत्या. त्यांनी सरांच्या हातावर साखर ठेवली. सरांनी किक मारली. गाडी सुरू झाली, पण आवाज काही ओळखीचा वाटेना. शनिवारी गाडी म्हणत होती धडधड-धडधड. आज म्हणत होती धड, फुस, धड, फुस. थंड असेल, असं म्हणून सर निघाले. गाडी मैदानापर्यंत लंगडत गेली.

साहेबांनी चष्मा वर केला, कान पुढे केला, पुस्तकाचं भाषांतर वाचलं.

"सिलिंडर किती लिहिलेत?"

"दोन."

"मला एकच ऐकू येतंय."

"दुसरं आहे साहेब. हे बघा, दिसतंय."

"दिसायला माझ्या कचेरीत पण अकरा कारकून आहेत," साहेब म्हणाले आणि लिहिलं, 'नोंदीत दोन, प्रत्यक्षात एक. मेळ नाही. नामंजूर.'

बाहेर येऊन सरांनी किक मारली, पण आता एकट्या उजव्याला गाडी ओढवेना. मग पाच मणांची ती गाडी ढकलत सर गोलाईतून निघाले. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या दिवशी सोळाही रस्त्यांवर सरांचे आजी-माजी विद्यार्थी उभे होते असं सर आजही शपथेवर सांगतात. एकानं अदबीनं विचारलं, "सर, ह्याला शोषण म्हणायचं का उत्सर्जन?" सरांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं.

वाटेत हणमंतराव भेटले. ते गाडीजवळ उकिडवे बसले आणि उजव्या सायलेन्सरवर थुंकले. चर्र झालं. डाव्यावर थुंकले. काहीच झालं नाही.

"डावं मेलंय," त्यांनी निदान केलं. "आमच्या डेपोत असंच बघायचो. पाणी टाकून बघायची पद्धत हाय, पन ह्या साली पाणी कुटून आणावं. मास्तर, पेट्रोलात पाणी आलं असंल."

"हणमंतराव, सबंध जिल्ह्यात पाणी सापडत नाही, ते नेमकं माझ्या टाकीत कसं सापडेल? आणि टाकी एकच आहे. उजव्याला पेट्रोल आणि डाव्याला पाणी, अशी वाटणी ती करेल का?"

"नवा जिल्हा हाय," हणमंतराव म्हणाले. "काय बी वाटून राहिले."

गॅरेजात रेवणसिद्धनं डाव्या बाजूची तार काढली, प्लग काढला, खांद्यावरच्या फडक्यानं पुसला, इंजिनाला टेकवून किक मारली. निळी ठिणगी पडली. प्लग पुन्हा बसवला. किक. धडधड-धडधड.

"काय होतं?" सरांनी विचारलं.

"कचरा व्हता सर."

"कचरा हे शास्त्रीय कारण नाही."

"हाव सर," रेवणसिद्ध म्हणाला. विद्यार्थिदशेत तो सरांशी असाच सहमत होत असे.

घरी येताना सरांनी एक धोरण ठरवलं. गाडी बिघडते, हे अव्वांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. त्या देवणीची पिशवी काढून बसल्या होत्या. पिशवीत भावजयीसाठी घेतलेलं नवं लुगडं होतं. "कागद अडलाय अव्वा," त्यांनी सांगितलं. "साहेब म्हणतो, उर्दूत आहे." महादेवीबाईंना आणि गल्लीला तसंच बजावून ठेवलं. हणमंतरावांनी तोंडाला चिमटा लावल्याची खूण केली. त्यांच्या तोंडाला कंडक्टरच्या नोकरीतही कुणी चिमटा लावू शकलं नव्हतं, पण या बाबतीत त्यांनी शब्द पाळला, हे कबूल केलं पाहिजे.

"मेला साहेब," अव्वा एवढंच म्हणाल्या. "बघते मी त्याच्याकडं." सरांना वाटलं, म्हातारी रागात बोलली.

मंगळवारी गाडी उत्तम. बुधवारी सर गाडीवर शाळेत गेले. गुरुवारी मुख्याध्यापकांनी मागे बसून पाहिलं आणि उतरल्यावर आधी टोपी जागेवर आहे का ते चाचपलं. रविवारपर्यंत दोन्ही सिलिंडर सख्ख्या भावांसारखी चालली.

दुसऱ्या सोमवारी महादेवीबाई सकाळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, दूध अर्धा पेला कमी हाय. रात्री इतकं ठेवलं व्हतं."

"मांजर असेल," सर भांग पाडत म्हणाले. "आज मला दुधाचं सांगू नकोस."

त्यांनी किक मारली. धड, फुस, धड, फुस. या वेळी तर फुस जास्त आणि धड कमी.

साहेबांनी खुर्चीवरूनच हात हलवला. "मास्तर, मागच्या सोमवारी निदान एक तरी नीट होतं." दुसरी नामंजुरी मिळाली. आता एकच संधी उरली होती. सरांच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा तराजू आला, आणि तराजूच्या मागे पिशवी घेऊन बसलेल्या अव्वा. त्या दिवशी गाडी ढकलताना त्यांना मुलांची लाज वाटली नाही. नुसतं वाईट वाटलं.

रेवणसिद्धनं पुन्हा प्लग काढून पुसला, पुन्हा निळी ठिणगी, पुन्हा धडधड. सर चिडले. "आता एकेक भाग तपास. कचरा म्हणू नकोस."

त्या आठवड्यात सरांच्या अंगणात कधी नव्हे एवढी माणसं जमली. दुष्काळात लोकांना वेळ भरपूर असतो. वाण्यानं सांगितलं, मॅग्नेटो. पोस्टमननं सांगितलं, कार्बोरेटर. वीरण्णा शिंप्यानं गाडीकडे न बघताच सांगितलं, दृष्ट. मॅग्नेटो काढून उन्हात वाळवला. कार्बोरेटर रॉकेलात धुतला. झडपांचं अंतर मोजलं. डावा प्लग उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहिला. दोन्हीकडे गाडी तितकीच छान चालली. आजाऱ्याला दवाखान्यात नेलं की ताप उतरावा, तशी ही अवस्था. शेवटी शिंप्याच्या शब्दाखातर लिंबू-मिरचीही बांधली. विज्ञानाच्या शिक्षकाच्या गाडीला लिंबू-मिरची म्हटल्यावर शाळेत काय झालं असेल, ते इथं लिहीत नाही.

अखेर सरांनी ठरवलं, आता शास्त्राला शरण जायचं. त्यांनी आलेखाची वही घेतली आणि तक्ता आखला. वार, वेळ, हवा, पेट्रोल, डावं, उजवं. गाडी सुरू केल्यापासूनचे सगळे दिवस आठवून भरले. रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी तक्ता वाचला आणि अंगावर काटा आला. उजव्याच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. डाव्याच्या रकान्यात दोनच फुल्या, दोन्ही सोमवारी.

"हणमंतराव, हे बघा. गाडी फक्त सोमवारी बिघडते."

हणमंतरावांनी तक्ता नीट पाहिला. "साहेब सोमवारीच येतो न्हवं का? भ्याली. आमच्या रूटला एक ड्रायव्हर व्हता. चेकिंगची जीप दिसली की त्याचं पोट बिघडायचं. एरवी वाघ."

"यंत्राला भीती नसते, हणमंतराव."

"ड्रायव्हरबी तेच म्हनायचा."

सरांनी त्यांना हसून वाटेला लावलं. पण दुसरं काही सुचेना, तेव्हा कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरात 'भीती' लिहिलं आणि शास्त्राची लाज राखण्यासाठी पुढे प्रश्नचिन्ह दिलं.

तिसऱ्या सोमवारी सर पहाटेच उठून खिडकीशी पडद्याआड बसले. गाडीवर सकाळपासून नजर ठेवायची. निरीक्षण करणाऱ्यानं निरीक्षण होणाऱ्याला दिसू नये, हे त्यांनीच कितीदा सांगितलं होतं.

उजाडताना अव्वा अंगणात आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात वाटी. त्यांनी गाडीजवळ पाट मांडला आणि गुडघ्याला हात देत, "शिवा शिवा" करत बसल्या. समोर डावं सिलिंडर. त्याच्या डोक्यावर प्लग, वरची टोपी केव्हाच हरवलेली, त्यामुळे चिनी मातीचं पांढरं शुभ्र गुळगुळीत अंग उघडं. अव्वांनी तांब्यातून थेंब थेंब पाणी त्याच्यावर सोडलं. ते पाणी त्यांच्या आंघोळीच्या वाट्याचं होतं, हे सरांनी ओळखलं, कारण घरात वाटे सरांनीच ठरवून दिले होते. मग वाटीतलं दूध, दही, तूप, मध, साखर. मग विभूतीची गोळी ओल्या बोटांवर घासून त्या चिमुकल्या पांढऱ्या अंगावर तीन पट्टे. उजवी बाजू भिंतीला टेकलेली, तिकडच्या प्लगपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. त्यांनी तिकडे नुसता नमस्कार केला.

"ठिणगीच्या देवा," अव्वा हात जोडून म्हणाल्या, "दोन सोमवार त्या साहेबाला बुद्धी दिली न्हाईस. आज पंचामृत केलंय. माझ्या लेकराला आज मोकळ्या हातानं धाडू नको."

पडद्याआड सरांना सगळं एकदम समजलं. ओली राख, त्यात दही. विजेला एवढी ओली पायवाट बाहेरूनच मिळाल्यावर ती आत ठिणगी पाडायला कशाला जाईल? सिलिंडर पेटत नाही म्हणून तापत नाही, तापत नाही म्हणून ओल सुकत नाही. आणि रेवणसिद्ध दर खेपेला पहिलं काम करतो ते प्लग पुसण्याचं. एकोणीस वर्षं आकृतीतल्या त्या पांढऱ्या भागाकडे बाण काढून सर मुलांना लिहून देत आले होते, 'हा भाग कोरडा व स्वच्छ असावा.' पाच गुणांचा प्रश्न होता.

त्यांना आधी हसू आलं. मग ते मावळलं. गाडी पास व्हावी म्हणून जी म्हातारी बिनआंघोळीची राहत होती, तिच्यामुळेच गाडी नापास होत होती, आणि हे तिला सांगायचं म्हणजे तिच्या हातातली वाटी काढून घेण्यासारखं होतं. सरांना ते जमण्यातलं नव्हतं.

ते काही न बघितल्यासारखं बाहेर आले, हातावर साखर घेतली, किक मारली आणि धड-फुस करत निघाले. कोपरा ओलांडला, पुढचा मारुतीचा पार ओलांडला आणि बंद पडलेल्या नळाच्या कट्ट्याआड गाडी उभी केली. इकडे तिकडे पाहिलं. खिशातला पांढरा रुमाल काढला आणि प्लग पुसला. आपण आईच्या कपाळावरची विभूती पुसतोय, असं त्यांना वाटत होतं. रुमालाची नीट घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला, पुन्हा किक मारली, आणि सबंध रस्ता अपराध्यासारखे मान खाली घालून दोन्ही सिलिंडरांवर गेले.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग दोन बोटं वर केली. "दोन. मेळ आहे." शिक्का मारला. कारकुनानं कागद पुढे केला. "बिघाडाचं कारण लिहा सर, रकाना रिकामा चालत नाही."

सरांनी बराच विचार करून लिहिलं, 'ओल.'

"ओल?" कारकून म्हणाला. "ह्या साली?"

घरी अव्वा दारातच उभ्या होत्या. सरांनी नवं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं. सर घाम पुसायला खिशातून रुमाल काढायला गेले आणि त्यातून राखेचे, दह्याचे डाग अव्वांच्या पुढ्यात उलगडले. सर जागच्या जागी थिजले.

अव्वांनी रुमाल हातात घेऊन बघितला.

"ह्याला कशाला घाण केलास?" त्या म्हणाल्या. "डब्यात फडकं ठेवलंय न्हवं का."

"कसलं फडकं?"

"अप्पांचं. प्लग पुसायचं. वर्स झालं तवा मीच धुऊन, घडी घालून ठेवलं. तुझे अप्पा दर सोमवारी कोपऱ्यावर थांबून पुसायचे. मला दिसू न्हाई म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"तीस वर्सं. कोपऱ्यापर्यंत गाडी एका आवाजात जायाची. तिथं गप व्हायाची. मग दोन आवाजात जायाची. मी काय भैरी हाय का रे? मी डाव्याची पूजा करायची, त्यांनी पुसायची. ना ते कवा बोलले, ना मी."

सर ओट्यावर बसले. "मग मला का नाही सांगितलंस अव्वा?"

"आता!" अव्वांना खरोखर नवल वाटलं. "तू सायन्सचा मास्तर. तुला काय सांगायचं? तू कोपऱ्यावर थांबंना, तवा मी म्हनलं पुढं जाऊन पुसत असंल. शिकलेला मानूस, लाज जास्ती. अन् तू तर म्हनलास, कागद अडलाय."

पेट्रोलपासून भीतीपर्यंत सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. वाणी, पोस्टमन, शिंपी, सगळ्यांना विचारलं होतं. घरात तीस वर्षं त्या इंजिनाचा आवाज ऐकणारं एक माणूस होतं, तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

संध्याकाळी ते फडकं मागायला औसा रोडला गेले. रेवणसिद्धच्या खांद्यावर ते आता ओळखू येत नव्हतं.

"ह्याच्यानंच तर दोन्ही बारीला पुसला प्लग," रेवणसिद्ध म्हणाला. "काई पांढरं असायचं सर त्याच्यावर."

"ते तुला दिसत होतं?"

"हाव. मी म्हनलं, सर सायन्सचे. लावत असतील काई केमिकल. आपण कशाला इचारायचं."

सर गॅरेजातल्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "रेवणसिद्ध, तुझ्या वहीवर मी एक शेरा मारला होता."

"हाव सर."

"चुकला होता."

रेवणसिद्धनं फडकं रॉकेलात खळबळून काढलं, पिळलं आणि दोन्ही हातांनी सरांना दिलं.

पुढच्या सोमवारी सरांनी रजा टाकली. अव्वांनी सकाळी पूजा केली, पंचामृत नव्हे, नुसतं पाणी आणि विभूती. नवं लुगडं पिशवीत, पिशवी मांडीवर. हणमंतराव आणि महादेवीबाई यांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना गाडीवर बसवलं. हणमंतरावांनी तोंडानं डबल बेल दिली. धड, फुस करत गाडी निघाली आणि कोपऱ्यावर आपोआप थांबली, म्हणजे सरांनीच थांबवली.

ते उतरले. खिशाकडे हात नेला तोच मागून अव्वांनी पिशवीतून पुन्हा धुऊन ठेवलेलं फडकं काढून पुढे धरलं. धरलं आणि तोंड वळवून रस्त्याच्या पलीकडे टँकरची वाट बघणाऱ्या घागरींकडे पाहू लागल्या, जणू मागे काय चाललंय त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

सरांनी प्लग पुसला. फडक्याची पहिल्यासारखी घडी केली आणि डब्यात ठेवली.

"झालं का?" अव्वांनी तिकडेच बघत विचारलं.

"काय?"

"काई न्हाई," अव्वा म्हणाल्या. "चल."

सरांनी किक मारली. दोन्ही सिलिंडर एकदम बोलली, आणि अव्वांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.